फ्लोडेविगेन केंद्राची वाटचाल

नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, आरेंडाल शहराजवळ, 1882 मध्ये गुंडर माथिसेन डानेविग या जहाजाच्या कप्तानाने फ्लोडेविगेन येथे कॉड माशाच्या उबवणी केंद्राचा पाया घातला. किनाऱ्यालगतचा कॉड घटत चालल्याची चिंता त्यामागे होती. कॉडची अंडी पाण्यावर तरंगतात, हे नॉर्वेचे सागरी जीवशास्त्रज्ञ गेओर्ग ओसियान सार्स यांनी 1860 च्या दशकात लोफोटेन बेटांवर शोधून काढले होते. डानेविगांचा हिशेब सरळ होता: ती गोळा करायची, खेळत्या पाण्यात उबवायची आणि पिल्ले फ्योर्डात, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीत, सोडायची.

दर हंगामात कोट्यवधी पिल्ले सोडली जाऊ लागली. पण त्यांतली जगतात किती? योहान योर्ट यांच्यासारख्या शास्त्रज्ञाने या कार्याच्या उपयुक्ततेवरच शंका घेतली. निवाडा व्हावा म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीस फ्योर्डांतून जाळी ओढून लहान कॉड मोजण्यात आले. वाद मात्र मिटला नाही. 1911 मध्ये डानेविग निवर्तले. त्यांचे एक पुत्र हाराल्ड यांनी उबवणीची विद्या स्कॉटलंडला नेली, पुढे ते ऑस्ट्रेलियात गेले आणि 1914 मध्ये ‘एंडेव्हर’ या संशोधन जहाजासह समुद्रात बेपत्ता झाले.

दुसरे पुत्र आल्फ यांनी केंद्राची धुरा वाहिली. 1919 पासून जाळे ओढून होणाऱ्या मोजणीला त्यांनी लावलेली शिस्त हीच या संस्थेची खरी पुंजी होय. कोकणातल्या रापणीचाच हा धाकटा प्रकार: सुमारे 40 मीटर लांबीचे जाळे छोट्या होडीतून अर्धवर्तुळात टाकायचे, दोन्ही टोकांच्या दोरांनी काठावर ओढायचे आणि आलेला प्रत्येक मासा जातीनिशी मोजायचा. त्याच जागा, तीच पद्धत, दरवर्षी सप्टेंबरच्या सुमारास. त्या वर्षी जन्मलेला कॉड वेगळा काढून त्याची लांबीही घेतली जाते. काम सांभाळणारे बदलले, पण जुन्याने नव्याला हाताशी धरून शिकवले, म्हणून मोजणीत फरक पडला नाही.

ही नोंद अखंड मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत ती थांबली. तरीही तिचे मोल मोठे. 1930 च्या दशकात रोगाने किनाऱ्यावरचे समुद्रगवत झडले, तेव्हा त्याच्या आडोशाने वाढणाऱ्या लहान माशांचे काय झाले, याचा माग याच वह्यांतून लागतो. नदी आणि समुद्र दोन्हींत वावरणाऱ्या ईल माशाच्या ऱ्हासाचा पुरावाही त्यांत आहे.

1971 मध्ये पिल्ले सोडणे बंद झाले. ज्या कामासाठी केंद्र उभे राहिले, त्याचा लाभ सुमारे नव्वद वर्षांतही निर्विवाद सिद्ध झाला नाही. त्याची परीक्षा घेण्यासाठी सुरू झालेली मोजणी मात्र टिकली. 1970 च्या दशकात मोठ्या हौदांत पिल्ले वाढवण्याचे यशस्वी प्रयोग येथेच झाले आणि पुढच्या कॉडपालनाला वाट मिळाली.

आज हे केंद्र बर्गेनस्थित सागरी संशोधन संस्थेचा भाग आहे. ओस्लो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी येथील आकड्यांवर कॉडच्या संख्येतील चढउतारांचे गणित मांडले. जवळजवळच्या फ्योर्डांतही कॉडचे निरनिराळे समूह असल्याचे जनुकीय तपासणीने दाखवले. 2006 मध्ये या किनाऱ्यावर शेवंड्यांसाठी राखीव क्षेत्रे आखली गेली. कॉड मात्र सावरला नाही. 2019 मध्ये ओस्लो फ्योर्ड ते तेलेमार्क या किनारपट्टीत त्याच्या मासेमारीवर बंदी आली. त्यानंतरही जाळे ओढणे चालूच आहे.