टेकडीवरची शाळा आणि एव्हरेस्टची पूर्वतयारी

आपल्या हॅरोची टेकडी ती केवढी! समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटर. आपल्या कळसूबाईच्या उंचीत अशा तेरा टेकड्या मावतील आणि एव्हरेस्टच्या उंचीत सत्तर. तरीही माणसाने हिमालयात जायचं तर कशी तयारी करून जावं, हा धडा जगाला ज्यांनी शिकवला त्यांतले दोघे या हॅरोशी जोडलेले आहेत. एक इथल्या टेकडीवरच्या शाळेत शिकला आणि दुसऱ्याने आपल्या नॉर्थविक पार्क हॉस्पिटलात काम केलं. इथे राहून इतकी वर्षं झाली, रोज मेट्रोपॉलिटन लाईनच्या गाडीतून ती टेकडी दिसते, पण ही नावं आपल्यापैकी फारच थोड्यांनी ऐकली असतील. म्हणून हा लेखप्रपंच.

हॅरो स्कूल म्हटलं की आपल्याला दोन नावं आठवतात, चर्चिल आणि पंडित नेहरू. नेहरू इथे १९०५ ते १९०७ या काळात होते. त्यांच्या आत्मचरित्रात हिमालयातल्या एका फसलेल्या सफरीची हकीकत आहे. १९१६ साली लग्नानंतरच्या उन्हाळ्यात ते काश्मीरला गेले होते. एका चुलतभावाला घेऊन झोजीला ओलांडून ते पुढे गेले आणि अमरनाथची गुहा इथून फक्त आठ मैलांवर आहे असं कळल्यावर लगेच निघायचं ठरवलं. सामान मागे ठेवलं, वाटाड्या म्हणून एक मेंढपाळ घेतला आणि पहाटे चारला चालायला सुरुवात केली. वाट बर्फाच्या नद्यांवरून होती. श्वास लागू लागला, काही हमालांच्या तोंडून रक्त येऊ लागलं. ताज्या बर्फाखाली लपलेल्या भेगेत खुद्द नेहरू पडले, कमरेचा दोर होता म्हणून वाचले. पुढे भेगा आणखी रुंद होत गेल्या आणि सगळे दमून परत फिरले. आठ मैल म्हणजे आठ मैल, हा हिशोब सपाटीवरचा. डोंगरात अंतर मैलात मोजून चालत नाही, हे त्या दिवशी त्यांना कळलं असणार. पुढे कैलास-मानसरोवरला जायची त्यांची फार इच्छा होती. ती शेवटपर्यंत पुरी झाली नाही.

बर्फाच्या टबातला शास्त्रज्ञ

नेहरूंनी हॅरो सोडल्यानंतर दोनच वर्षांनी, १९०९ साली, ग्रिफिथ प्यू यांचा जन्म झाला. हेही हॅरो स्कूलचेच विद्यार्थी. पुढे ऑक्सफर्डला आधी कायदा आणि मग वैद्यक शिकले. स्कीइंगमध्ये इतके तरबेज की १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी ब्रिटिश संघात निवड झाली होती, पण दुखापतीमुळे उतरता आलं नाही. दुसऱ्या महायुद्धात लेबननच्या डोंगरात सैनिकांना बर्फात कसं राहायचं आणि लढायचं याचं प्रशिक्षण देणाऱ्या केंद्रात त्यांनी काम केलं. माणूस थकतो कधी, गारठतो कधी, किती ओझं घेऊन किती चालू शकतो, याच्या नोंदी ठेवायची सवय तिथलीच. १९५० मध्ये ते हॅम्पस्टेडला मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या प्रयोगशाळेत रुजू झाले.

तोपर्यंत एव्हरेस्टवर इंग्रजांच्या सात मोहिमा तिबेटच्या बाजूने जाऊन आल्या होत्या. १९२४ मध्ये नॉर्टन ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत पोचले होते. म्हणजे उरले तीनशे मीटरसुद्धा नाहीत! पण त्या तीनशे मीटरनी पुढची २९ वर्षं सगळ्यांना दमवलं. धाडस कमी पडत होतं असं कोण म्हणेल? कमी पडत होतं ते वेगळंच काही.

१९५१ मध्ये मायकेल वॉर्ड नावाच्या तरुण डॉक्टरने लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीच्या दप्तरात जुने नकाशे आणि विमानातून काढलेले फोटो धुंडाळून नेपाळच्या बाजूने वाट असू शकते असं दाखवून दिलं. वाट सापडली, आता शरीराचं काय? तो सल्ला घ्यायला वॉर्ड हॅम्पस्टेडला गेले, तर प्यू साहेब बर्फाच्या पाण्याने भरलेल्या टबात पहुडलेले! इंग्लिश खाडी पोहणाऱ्यांना थंडी कशी सोसते याचा प्रयोग ते स्वतःवरच करत होते. गारठून इतके ताठरले होते की त्यांना बाहेर काढायला दुसऱ्याची मदत लागली.

रंगीत तालीम

आमच्या आयटीच्या धंद्यात नवी सिस्टीम थेट चालू करत नाहीत. आधी चाचणी, मग त्यातल्या चुका दुरुस्त, मग पुन्हा चाचणी. एव्हरेस्टची अशी रंगीत तालीम १९५२ साली चो ओयू या शिखरावर झाली. मोहीम म्हणून ती अपयशीच, शिखर सर झालं नाही. पण प्यूंनी सुमारे २०,००० फुटांवर तंबू ठोकून गिर्यारोहकांवर प्रयोग केले. ऑक्सिजनचा प्रवाह कमीजास्त करून त्यांना चढायला लावायचं, श्वास पिशव्यांत भरून घ्यायचा, नाडी मोजायची. गिर्यारोहक मंडळी वैतागली, पण प्यूंनी आपलं काम सोडलं नाही.

त्यातून जे निघालं ते आज वाचताना साधं वाटतं. आधीच्या मोहिमांत मिनिटाला साधारण दोन लिटर ऑक्सिजन वापरत. तेवढ्याने फक्त सिलिंडरच्या ओझ्याची भरपाई होते, फायदा जवळजवळ शून्य. मिनिटाला चार लिटर मिळाला तर मात्र चढण्याचा वेग खरोखर वाढतो. म्हणजे ऑक्सिजन 'उपयोगाचा नाही' असं म्हणणारे चुकीचं सांगत नव्हते, त्यांना मात्राच अपुरी मिळाली होती!

दुसरी गोष्ट पाण्याची. उंचावर हवा कोरडी आणि श्वास भराभर, त्यामुळे अंगातलं पाणी नुसत्या श्वासावाटे निघून जातं. तहान मात्र तितकीशी लागत नाही. प्यूंनी हिशोब मांडला की दिवसाला माणशी तीन ते चार लिटर पाणी पोटात गेलंच पाहिजे. त्याच वर्षी स्विस मोहिमेत लांबेर आणि तेनसिंग सुमारे ८,६०० मीटरपर्यंत गेले होते. वरच्या तंबूत त्यांच्याजवळ स्टोव्हसुद्धा नव्हता, मेणबत्तीवर बर्फ वितळवून घोट घोट पाणी करत त्यांनी रात्र काढली. पाणी हवं म्हणजे बर्फ वितळवायला हवं, त्यासाठी चांगला स्टोव्ह हवा आणि पुरेसं रॉकेल हवं. प्यूंनी स्टोव्हमध्ये सुधारणा करून घेतल्या, उष्णता वाया जाऊ नये म्हणून भांड्याभोवती पत्र्याचं आवरण आलं. शिखर आणि रॉकेल यांचा असा थेट संबंध कुणी लावला नव्हता.

तिसरी गोष्ट खाण्याची. उंचावर तेलकट, तुपकट नकोसं होतं, गोड चालतं. म्हणून साखर भरपूर, लिंबाच्या सरबतात आणि चहात. शिधा हवा काढून बंद केलेल्या पाकिटांत. चौथी गोष्ट स्वच्छतेची. चो ओयूच्या वाटेवर गावातल्या घरांत मुक्काम केल्याने घसा आणि पोटाच्या तक्रारींनी सगळे बेजार झाले होते, म्हणून पुढच्या वर्षी तंबू वस्तीपासून दूर. आणि पाचवी, सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे वेळ. शरीराला विरळ हवेची सवय व्हायला आठवडे लागतात आणि ते द्यावेच लागतात.

१९५३ च्या मोहिमेचे प्रमुख जॉन हंट लष्करातले, शिस्तीचे. त्यांनी हे सारं आराखड्यात उतरवलं. डिसेंबर १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये युंगफ्राउयोखला जाऊन बूट, तंबू, कपडे यांची प्रत्यक्ष बर्फात परीक्षा घेतली. मार्चमध्ये ३६२ हमाल आणि सुमारे साडेचार टन सामान घेऊन मंडळी काठमांडूच्या खोऱ्यातून निघाली. साधारण अडीच आठवडे चालून तेंगबोचेला पोचली आणि तिथून पुढे जवळपास तीन आठवडे आसपासच्या डोंगरांत हवेची सवय करून घेण्यात घालवले. शेवटच्या रात्री सुमारे ८,५०० मीटरवरच्या तंबूत हिलरी आणि तेनसिंग यांनी काय केलं? स्टोव्ह पेटवला आणि साखर घातलेलं लिंबाचं सरबत पोटभर प्यायले. २९ मे १९५३ रोजी सकाळी साडेअकराला दोघे माथ्यावर होते.

चालण्यातलं शहाणपण

इथे मला आपल्या जुन्या यात्रेकरूंची आठवण होते. साताऱ्यात जन्मलेले काकासाहेब कालेलकर १९१२ मध्ये हिमालयात पायी हिंडले. त्यांच्याजवळ ना ऑक्सिजन, ना खास बूट. पण पायी जाणाऱ्याला एक गोष्ट आपोआप मिळत होती, ती म्हणजे हळूहळू वर चढणं. तीर्थयात्रेचे ते महिने शरीराला हवेची सवय लावून देत. विमान आलं आणि ते आपोआप मिळणारं संरक्षण गेलं. १९६२ च्या युद्धाच्या काळात सपाटीवरचे जवान घाईघाईने उंच चौक्यांवर पोचवावे लागले आणि कित्येकांना शत्रूच्या आधी विरळ हवेने गाठलं. भारतीय लष्करातले डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या आजाराचा अभ्यास १९६९ मध्ये प्रसिद्ध केला. जगभरचे डॉक्टर अजूनही त्याचा दाखला देतात.

हा विषय माझ्या घरात आला तो आईमुळे. ती सांगलीला असते, वय ६७, आणि कैलास-मानसरोवर ही तिची फार जुनी इच्छा. २०२० पासून भारतीयांसाठी बंद असलेली यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि तिने उचल खाल्ली. धाकट्या भावाने एका टूरवाल्याचा कार्यक्रम आणला. नेपाळगंज ते सिमिकोट विमान, तिथून हिल्साला हेलिकॉप्टर, पुढे गाडी. नेपाळगंज सुमारे १५० मीटर, सिमिकोट २,९००, हिल्सा ३,६००, मानसरोवर जवळजवळ ४,६०० आणि परिक्रमेतला डोल्मा ला सुमारे ५,६०० मीटर. मी सवयीप्रमाणे एक्सेलमध्ये तक्ता केला, कुठली रात्र किती उंचीवर. आजचे डॉक्टर सांगतात की तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी. त्या कार्यक्रमात पहिल्या चार दिवसांतच हा नियम दोनदा मोडत होता.

भावाचं म्हणणं, "दादा, शेकडो लोक जाऊन येतात." तेही खरंच. मग फोनवर आईलाच विचारलं. ती म्हणाली, "अरे, तीस वर्षं थांबले. तीन दिवस वाचवून मी काय करू?" टूरवाल्याशी बोलून वाटेत तीन जादा मुक्काम घातले, निघण्याआधी हृदय आणि फुप्फुसांची तपासणी ठरली. आणि डोकं दुखून उलट्या सुरू झाल्या तर पुढे जायचं नाही, खाली उतरायचं, डोल्मा ला न पाहता परतावं लागलं तरी चालेल, हे तिने आधीच कबूल केलंय. ही शेवटची अट मला सगळ्यांत मोलाची वाटते. वर गेल्यावर असा निर्णय घेणं अवघड असतं. तो घरी, चहा पिताना, शांत डोक्याने घेऊन ठेवावा.

नॉर्थविक पार्कचे डॉक्टर

एव्हरेस्टनंतर प्यूंचं काम थांबलं नाही. १९६०-६१ च्या हिवाळ्यात हिलरींच्या मोहिमेत त्यांनी ५,८०० मीटरवर एक चंदेरी रंगाची लाकडी झोपडी उभारली आणि शास्त्रज्ञ तिथे काही महिने राहिले. निष्कर्ष असा की इतक्या उंचीवर शरीर कायमचं रुळत नाही. खाणंपिणं, ऊब सगळं असूनही वजन घटत जातं. त्या झोपडीत राहिलेले एक तरुण डॉक्टर होते जिम मिलेज. त्यांनी पुढे तामिळनाडूत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दहा वर्षं काम केलं आणि मग ते आले आपल्या नॉर्थविक पार्कला. मायकेल वॉर्ड आणि जॉन वेस्ट यांच्याबरोबर त्यांनी १९८९ मध्ये अतिउंचीवरच्या वैद्यकावर लिहिलेला ग्रंथ या विषयातला आधारग्रंथ मानला जातो. आपल्यापैकी अनेकांची मुलं ज्या हॉस्पिटलात जन्मली, तिथला हा इतिहास आहे!

मराठी माणसानेही हा धडा चांगला गिरवला. १९९८ मध्ये पुण्याचे सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, असं करणारे ते पहिले महाराष्ट्रीय. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गिरिप्रेमी संस्थेचे आठ जण एकाच मोहिमेत माथ्यावर गेले. सह्याद्रीच्या कड्यांवर सराव करत वाढलेली ही संस्था १९८२ सालची, म्हणजे तयारी तीस वर्षांची.

आणि प्यू? हंट यांच्या गाजलेल्या पुस्तकात त्यांचं काम शेवटी परिशिष्टात गेलं. हिलरी आणि तेनसिंग यांची नावं शाळकरी पोरांच्या तोंडी आली, प्यूंचं नाव विसरलं गेलं. १९९३ मध्ये, चाळिसाव्या वर्धापनाच्या समारंभात, मायकेल वॉर्ड यांनी राणीसमोर जाहीरपणे सांगितलं की आधीच्या मोहिमा जिथे अडल्या तिथे ही पार पडली ती प्यूंच्या कामामुळे. व्हीलचेअरवर बसून प्यू ते ऐकत होते. पुढच्याच वर्षी ते गेले. श्रोत्यांत त्यांची मुलगी हॅरिएट टकी होती. वडिलांशी तिचं फारसं पटत नसे, आणि त्यांनी एवढं काही केलंय हे तिलाही ठाऊक नव्हतं. मग तिने वर्षानुवर्षं कागदपत्रं शोधून त्यांचं चरित्र लिहिलं. ते २०१३ मध्ये आलं आणि त्या वर्षीचा बोर्डमन टास्कर पुरस्कार त्याला मिळाला.

एव्हरेस्टच्या माथ्यावरचा १९५३ चा तो प्रसिद्ध फोटो एकट्या तेनसिंग यांचा आहे. काढणारे हिलरी त्यात नाहीत, मग पाण्याचा आणि रॉकेलचा हिशोब मांडणारे कुठून असणार! मंडळी, तुमच्यापैकी कुणी लडाख, कैलास किंवा एव्हरेस्ट बेस कॅम्पचा बेत करत असेल, तर बुटांवर आणि कॅमेऱ्यावर जरूर खर्च करा. पण त्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या, पाणी पीत राहा आणि कार्यक्रमात दोन-तीन दिवस जास्तीचे ठेवा. सुट्टी पुरत नसेल तर पुढच्या वर्षी जा. डोंगर कुठे पळून जात नाही.