अंगणाची पावसाळी निगा (पुणे)

अंगणाची पावसाळी निगा म्हणजे घराच्या किंवा गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील झाडे, सीमाभिंती व पाण्याचा निचरा यांची वादळी पावसापूर्वी केलेली तपासणी व दुरुस्ती होय. पुण्यात वळवाची वादळे एप्रिल-मे महिन्यांतच येत असल्याने हे काम मार्चअखेरपर्यंत उरकणे हिताचे ठरते.

हवामान

पुणे सह्याद्रीच्या पूर्वेस पर्जन्यछायेत असल्याने येथील पाऊस कोकणापेक्षा बराच कमी आहे; तथापि वळवाच्या सरींसोबत सोसाट्याचा वारा सुटतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळाच्या वाऱ्यानेही शहरात अनेक झाडे पडली.

झाडे

मूळचा मादागास्करचा गुलमोहर व अमेरिका खंडातून आलेला पर्जन्यवृक्ष हे आवारांत सर्रास आढळतात. दोन्हींचा विस्तार मोठा असून फांद्या वाऱ्याने सहज मोडतात. बुंध्यालगत काँक्रीट केल्यास मुळांना हवा व पाणी मिळत नाही, तर खोदकामात आधाराची मुळे तुटतात. एकाच बाजूच्या फांद्या छाटल्यास झाडाचा तोल बिघडतो. शेंडा तोडल्यावर फुटणारे धुमारे खोडाशी घट्ट जोडलेले नसतात. नव्याने आलेला कल, बुंध्याशी उचललेली माती, पोकळी आणि खोडावरील अळिंबी ही धोक्याची चिन्हे होत.

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ अन्वये खाजगी आवारातील झाड तोडण्यासही पूर्वपरवानगी लागते. पुण्यात त्यासाठी महानगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे अर्ज करावा लागतो.

सीमाभिंत व निचरा

भिंतीमागील भरावात पाणी मुरले की मातीचे वजन व भिंतीवरील दाब वाढतो. म्हणून भिंतीत पाणी बाहेर पडण्यासाठी ठेवलेली छिद्रे मोकळी असणे आवश्यक असते. भेगा व बाहेर आलेला फुगवटा दुर्लक्षू नये. २९ जून २०१९ रोजी कोंढव्यात एका गृहसंकुलाची सीमाभिंत शेजारच्या मजूरवस्तीवर कोसळून १५ जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुरात काठच्या अनेक सोसायट्यांत पाणी शिरले. ओढ्यानाल्यांत पालापाचोळा व राडारोडा टाकल्याने पाण्याची वाट अडते.

आरोग्य

डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात. त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्या, टायर, करवंट्या व पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून कोरडी केल्यास त्यांची पैदास रोखता येते.