माडीवरचं गाणं

१९८८ साल. कोल्हापूर, शिवाजी पेठ. रात्रीची जेवणं उरकलीत आणि तुम्ही माडीवरच्या खोलीचं दार लावून घेतलंय. पुढ्यात पेटी आणि दोन टेपरेकॉर्डर: एक घरचा टू-इन-वन, दुसरा मित्राकडून रात्रीपुरता मागून आणलेला.

रेकॉर्ड आणि प्ले ही बटणं एकदम दाबा. फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगानं सरकू लागते. स्वतःच रचलेलं गाणं तुम्ही अगदी हळू म्हणता, कारण खाली आजीचा डोळा नुकताच लागलाय. त्या दबलेल्या आवाजातच गाण्याचा खरा स्वभाव सापडतो. आता भरलेली कॅसेट एका टेपवर लावा, तिच्याबरोबर दुसरा आवाज गा आणि दोन्ही मिळून दुसऱ्या टेपवर भरून घ्या. मग पुन्हा तसंच, या वेळी बिस्किटाच्या डब्यावर ठेका धरून. दर फेरीला फितीची खरखर वाढते, पहिला आवाज मागे मागे जातो. चार माणसं गाताहेत असं वाटतं, आणि चौघंही तुम्हीच.

कडव्यानंतर तुम्ही थांबता. आवाज पडला की टेप आपोआप माइकची पातळी चढवतो. त्या रिकाम्या जागेत खोली वर येते: पंख्याची घरघर, पेटीच्या भात्याचा श्वास, गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरून परतणाऱ्या म्हशीची घंटा. घंटा पुसायची तर गाणंही पुसावं लागेल. तुम्ही दोन्ही ठेवता.

आणखी सहा वर्षं मागे चला. ३ जानेवारी १९८२, न्यू जर्सीतलं कोल्ट्स नेक. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन राहत्या घरात टीअॅकच्या चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकटाच गातोय. ही गाणी पुढे तो बँड घेऊन स्टुडिओत करून पाहील, पण ती तशी उतरणार नाहीत. त्याच वर्षी ती घरची कॅसेटच ‘नेब्रास्का’ या नावानं रेकॉर्ड होऊन बाहेर येईल.

आता १९१८, पुन्हा कोल्हापूर. चुलतभाऊ आनंदराव दोन वर्षांपूर्वी गेले, तरी दोघांनी मिळून पाहिलेलं सिनेमाचं स्वप्न चित्रकार बाबूराव पेंटरांनी सोडलेलं नाही. सहकारी दामल्यांना हाताशी धरून त्यांनी सिनेमाचा कॅमेरा इथंच, स्वतः घडवलाय. १९२० सालचा ‘सैरंध्री’ या गावठी कॅमेऱ्यातून उतरेल.

साधन आपलं असलं की चुकायला भीती वाटत नाही, कुणाची परवानगी लागत नाही. घरी भरलेल्या गाण्याची गोडी इथून येते. ज्याला चाल सुचली त्यानंच ती वाजवली, गायली आणि जपली. मध्ये कुणी नाही, म्हणून ऐकणारा थेट त्याच्या शेजारी जाऊन बसतो. आज खिशातला साधा फोनही त्या दोन टेपांपेक्षा कितीतरी जास्त थर चढवतो. तेव्हा मुखडा सुचला की त्याच रात्री भरून ठेवा. सकाळी गळा तसा लागणार नाही.