सैनिकाचे शरीर आणि त्याची घडण : असईच्या रणभूमीपासून अग्निपथ योजनेपर्यंत

प्रस्तावना

सैनिकी इतिहासात शस्त्रे, डावपेच आणि सेनापती यांना मोठे स्थान मिळते. शस्त्र पेलणारे शरीर कसे घडले, ते कोणी घडवले आणि त्याचा खर्च कोणी सोसला, हे प्रश्न मात्र बहुधा मागे पडतात. जालना जिल्ह्याच्या संदर्भात त्यांना विशेष महत्त्व आहे. १८०३ ची असईची लढाई याच भूमीवर झाली. पुढे जालना येथे लष्करी छावणी वसली. आज येथे राज्य राखीव पोलीस बलाचा गट क्रमांक ३ आणि पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. खेड्यांतील शेतकरी कुटुंबांपासून एमआयडीसीतील कामगार वस्तीपर्यंत ‘भरती’ हा शब्द घरोघरी परिचित आहे. प्रस्तुत निबंधात सैनिकाच्या शारीरिक क्षमतेविषयीच्या धारणा गेल्या दोन शतकांत कशा बदलल्या, याचा आढावा घेतला आहे. शारीरिक क्षमता अन्न, सराव आणि वेळ यांतून घडते, हे इतिहास वारंवार दाखवितो. तथापि ती घडविण्याचा भार लष्कराच्या मैदानावरून क्रमाक्रमाने उमेदवाराच्या कुटुंबावर सरकला आहे, असे येथे प्रतिपादन केले आहे.

असई : कवायतीने घडलेली पायदळे

२३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीची गाठ पडली. वेलस्लीच्या पायदळाने त्या दिवशी सुमारे ३० किलोमीटरची चाल केली आणि त्याच दुपारी नदी ओलांडून लढाई दिली. या सैन्यात स्कॉटलंडच्या ७४ व ७८ क्रमांकाच्या दोन पलटणी होत्या. उर्वरित पायदळ मद्रास लष्करातील एतद्देशीय शिपायांचे होते. समोर शिंद्यांचे कवायती कंपू होते. महादजी शिंदे यांनी द बॉयन याच्या साहाय्याने ज्या पद्धतीचा पाया घातला, तिच्यात हे कंपू तयार झाले होते. त्यांच्या तोफखान्याचा व पायदळाचा प्रतिकार इतका कडवा होता की इंग्रजांकडील मृत व जखमींची संख्या दीड हजारांवर गेली.

उभय बाजूंच्या या शिपायांसाठी व्यायामाचा स्वतंत्र अभ्यासक्रम नव्हता. रोजची कवायत, ओझे घेऊन केलेली लांब चाल, नियमित पगार आणि त्यातून मिळणारे अन्न यांनीच त्यांची शरीरे घडविली होती. दक्षिणेतील सामान्य शेतकरी कुटुंबातून आलेला मद्रासी शिपाई असईच्या मैदानात कोणत्याही दृष्टीने उणा ठरला नाही, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

छावणी आणि ‘लढाऊ जातीं’चा सिद्धान्त

जालन्याची छावणी १८२७ मध्ये उभारली गेली. हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या खर्चाने पोसल्या जाणाऱ्या व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील फौजेचा या परिसराशी दीर्घकाळ संबंध होता. कंटिंजंटच्या पायदळात उत्तर हिंदुस्थानातून आलेल्या शिपायांचा भरणा मोठा होता. त्यामुळे छावणी मराठवाड्यात असली तरी येथील तरुणांना तिच्यातून फारशी संधी मिळाली नाही. १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदी सैन्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी जालन्याची छावणीही उठली. कंटिंजंटच्या पायदळ पलटणी १९२२ मध्ये १९ व्या हैदराबाद रेजिमेंटमध्ये एकत्र आल्या आणि त्या रेजिमेंटला १९४५ मध्ये कुमाऊँ रेजिमेंट हे नाव मिळाले. दख्खनच्या खजिन्यावर वाढलेल्या पलटणींचा वारसा अशा रीतीने हिमालयाच्या पायथ्याशी गेला.

याच कालखंडात शारीरिक क्षमतेचा अर्थ बदलला. १८८१ ते १८८५ या काळात मद्रास लष्कराचा व १८८५ ते १८९३ या काळात संपूर्ण हिंदी सैन्याचा सरसेनापती असलेल्या फ्रेडरिक रॉबर्ट्‌सने दक्षिणेतील शिपाई लढण्यास अयोग्य मानला. असईत लढलेल्या शिपायांच्या वंशजांना अवघ्या ऐंशी वर्षांत दुर्बळ ठरविण्यात आले. महाराष्ट्रातील महार समाजाच्या वाट्याला याहून कठोर अनुभव आला. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईत पराक्रम गाजविणाऱ्या या समाजाची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर यांनी तिच्याविरुद्ध अर्ज तयार केला. पहिल्या महायुद्धात मनुष्यबळाची निकड भासताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. चोवीस वर्षांत त्या शरीरांत काही मूलभूत बदल झाला नव्हता. बदलली होती ती राज्यकर्त्यांची गरज.

क्षमतेचे मोजमाप आणि अन्नाचा प्रश्न

सैनिकी व्यायामाला शास्त्रीय स्वरूप देण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये १८६० नंतर झाला. ऑक्सफर्ड येथील आर्चिबाल्ड मॅक्लारेन याने मेजर हॅमर्स्ली व १२ सैनिकांना व्यायामशिक्षक म्हणून तयार केले. प्रशिक्षणापूर्वी व नंतर त्यांचे वजन व छाती मोजण्यात आली आणि दोहोंत वाढ आढळली. शरीर प्रशिक्षणाने घडते, याचा हा मोजून दिलेला पुरावा होता.

बोअर युद्धाच्या काळात (१८९९–१९०२) इंग्लंडमधील औद्योगिक शहरांतून आलेले अनेक उमेदवार वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरले. या धक्क्यातून ‘शारीरिक ऱ्हासा’ची चौकशी करणारी समिती नेमली गेली व तिचा अहवाल १९०४ मध्ये आला. त्यानंतर १९०६ मध्ये शाळकरी मुलांच्या जेवणाचा कायदा झाला आणि १९०७ मध्ये शाळांतील वैद्यकीय तपासणीची तरतूद झाली. भरतीच्या मैदानावरचे अपयश हे बालपणीच्या कुपोषणाचे फळ आहे, हे तेथील राज्यव्यवस्थेने मान्य केले.

हिंदुस्थानात हीच गोष्ट दुसऱ्या महायुद्धात अनुभवास आली. सुमारे दोन लाखांचे सैन्य २५ लाखांपर्यंत वाढविताना लढाऊ जातींचा निकष बाजूला ठेवावा लागला. वजनाने कमी असलेल्या तरुणांनाही घेण्यात आले आणि लष्करी शिध्यावर काही महिन्यांत त्यांचे वजन वाढले. प्रशिक्षण केंद्र हे त्या काळी शरीर घडविण्याचेही ठिकाण होते.

महाराष्ट्रातील स्वतंत्र प्रयत्न

वसाहतकालीन सैन्याची दारे अर्धवट उघडी असताना महाराष्ट्रात समाजाने स्वतःच्या बळावर व्यायामसंस्था उभारल्या. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ (१९१४) व पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ (१९२४) ही त्यांपैकी ठळक उदाहरणे होत. अमरावतीच्या पथकाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके सादर केली. डॉ. बा. शि. मुंजे यांनी १९३७ मध्ये नाशिक येथे भोसला मिलिटरी स्कूल सुरू केले. स्वातंत्र्यानंतर २३ जून १९६१ रोजी सातारा येथे देशातील पहिली सैनिक शाळा सुरू झाली. या संस्थांमागील प्रेरणा व विचारसरणी भिन्न होत्या. परंतु तरुणाचे शरीर घडविणे हे सामूहिक कार्य आहे, ही जाणीव त्यांत समान होती.

भरतीची सद्यःस्थिती

१४ जून २०२२ रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर अंतर ५ मिनिटे ३० सेकंदांत धावल्यास ६० गुण व १० पुल-अप काढल्यास ४० गुण मिळतात. प्रशिक्षणाचा कालावधी ३१ आठवड्यांचा असून नाशिकरोड येथील तोफखाना केंद्रात त्यांपैकी १० आठवडे पायाभूत प्रशिक्षणाचे आहेत. हाडे व स्नायुबंध वाढत्या भाराशी स्नायूंपेक्षा सावकाश जुळवून घेतात. म्हणूनच अपुऱ्या पूर्वतयारीच्या प्रशिक्षणार्थींत नडगीच्या हाडाला तडे जाण्याचे प्रमाण अधिक असते. कमी अवधीच्या प्रशिक्षणात उमेदवार मूळचाच सक्षम असावा, ही अपेक्षा त्यामुळे स्वाभाविक ठरते.

परंतु ही पूर्वतयारी कोणाच्या खर्चाने होते? पहाटे धावून नंतर रोलिंग मिलमध्ये पाळीचे काम करणाऱ्या, किंवा कोरडवाहू शेतीत राबणाऱ्या तरुणाला पुरेशी प्रथिने, विश्रांती व जाणकार मार्गदर्शक यांची तजवीज स्वतःच करावी लागते. ऐपत असलेले पालक खासगी अकादमीचे शुल्क भरतात. इतरांची मुले डांबरी रस्त्यावर धावतात. तयारी व चाचणी यांतील ही दरी जीवघेणीही ठरू शकते. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत पाच किलोमीटर धावण्याच्या चाचणीनंतर काही उमेदवारांना प्राणास मुकावे लागले. उन्हाळा, प्रवासाचा शीण आणि अपुरा आहार एकत्र आल्यास घड्याळाची अट किती महाग पडते, हे त्या घटनेने दाखविले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन बाबी स्पष्ट होतात. पहिली, शारीरिक क्षमतेला जात वा प्रांत चिकटविणारा सिद्धान्त इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. दुसरी, लष्कराने जेव्हा अन्न व वेळ दिला तेव्हा सामान्य कुटुंबांतील तरुणांतूनच सक्षम शिपाई घडले. तिसरी, आजची शारीरिक चाचणी जातीनुसार गुण देत नाही व तेवढ्यापुरती ती निश्चितच अधिक न्याय्य आहे. मात्र तयार शरीराची अपेक्षा ठेवल्याने आर्थिक विषमता गुणपत्रिकेत उतरते.

या संदर्भात महाविद्यालयांची भूमिका महत्त्वाची आहे. भरतीची तयारी करणारा विद्यार्थी वर्गात अनियमित असतो म्हणून त्याची उपेक्षा करणे सोपे आहे. त्याऐवजी महाविद्यालयाचे मैदान पहाटे खुले ठेवणे, शारीरिक शिक्षण विभागाकडून टप्प्याटप्प्याने वाढणाऱ्या सरावाचे वेळापत्रक देणे, भरतीपूर्वी हृदय व रक्तातील हिमोग्लोबिनची तपासणी घडवून आणणे आणि राष्ट्रीय छात्र सेनेच्या (१९४८) पथकांना बळ देणे, या गोष्टी उपलब्ध साधनांत शक्य आहेत. ज्या जिल्ह्यातील छावणीत स्थानिक तरुणांना फारसे स्थान मिळाले नाही, तेथील महाविद्यालयांनी त्यांच्यासाठी एवढे केले तरी देशाच्या सेवेसाठी धावणाऱ्या मुलाचा भार एकट्या त्याच्या घरावर राहणार नाही.