सांदण, माडी आणि आबकारी

युरोपातील स्वयंपाकात जे स्थान द्राक्षमद्याला मिळाले, ते उत्तर कोकणात माडीला, म्हणजे माडाच्या आंबलेल्या रसाला मिळाले. पोर्तुगीजांनी 1534 मध्ये वसई घेतल्यानंतर त्यांच्या लसूण घातलेल्या मद्यातील मांसालाही या किनाऱ्यावर माडाच्या रसाचा सिरका वापरावा लागला, कारण येथे द्राक्षे नव्हती, माड होते. भिवंडीतील कोकणी मुसलमानांच्या घरी याच रसाने आंबवलेल्या तांदळाच्या पिठाचे सांदण, अर्थात वाफेवर उकडलेली जाळीदार वडी, केले जाई. पहाटे उतरवलेला गोड रस ऊन चढताच आंबू लागतो, त्यातील किण्व साखर खाऊन वायू सोडते आणि पीठ फुगते. उकडताना मद्याचा बराचसा अंश उडून जातो आणि दात गेलेल्या वडीलधाऱ्यांनाही चावता येईल असा मऊपणा मागे राहतो. मद्य निषिद्ध मानणाऱ्या घरांत हा रस चालला, याचे नवल वाटण्याचे कारण नाही, कारण त्याचे काम खमिराचे होते, पेयाचे नव्हे.

या व्यवहाराला खरा धक्का धर्माने नव्हे, तर महसुलाने दिला. 1878 च्या मुंबई आबकारी कायद्यानुसार (आबकारी म्हणजे मद्यावरील सरकारी कर) रस काढण्यासाठी परवाना घ्यावा लागे आणि प्रत्येक झाडामागे कर भरावा लागे, त्यामुळे झाडावर चढणाऱ्या भंडाऱ्यांचा पिढीजात धंदा आक्रसला. पुढे 1949 च्या दारूबंदी कायद्याने उरलेली वाट अरुंद केली. आज बहुतेक घरांत सांदणाचे पीठ बाजारच्या यीस्टवर फुगते.