ऑर्किडचं आजोळ वाण्याच्या दुकानात

बोरिवली-मुलुंडच्या खिडक्यांत, ग्रिलला टांगलेल्या कुंडीतून जांभळा तुरा काढणारं डेंड्रोबियम बहुधा थायलंडच्या वाणाचं असतं, हे नर्सरीवाला सांगतो. त्याचं बाळपण तो सांगत नाही. ते गेलं काचेच्या बाटलीत, चायना ग्रासवर. घाटकोपरच्या वाण्याकडे पांढुरक्या पट्ट्यांची पुडी मिळते, ज्यांच्या आपण दुधात शिजवून वड्या पाडतो, तेच हे. प्रयोगशाळेतलं अधिक शुद्ध असतं, एवढाच फरक.

ऑर्किडच्या एका बोंडात लाखो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. रुजताना पुरेल अशी शिदोरी त्यांच्याजवळ नसते. १८५६ साली इंग्लंडमध्ये डॉमिनी नावाच्या माळ्याचं संकरित ऑर्किड फुललं, तरी बी रुजवणं हा नशिबाचाच खेळ राहिला. १८९९ मध्ये फ्रान्सच्या नोएल बेर्नारला दिसलं की रानात एक बुरशी या बीला भरवते. १९२२ मध्ये अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या ल्युइस नुडसनने बुरशीला रजा दिली: साखर, थोडे क्षार आणि हे सगळं घट्ट धरून ठेवायला आगर, म्हणजेच चायना ग्रास. बी रुजलं.

पण आगर प्रयोगशाळेत शिरलं कसं? इथेच खरी गंमत आहे. १८८१ च्या सुमारास जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखकडे काम करणारा वाल्टर हेस वैतागला होता. जंतू वाढवायचे जिलेटिनवर, आणि उकाड्यात जिलेटिनचं पाणी. त्याची बायको फॅनी मुरंबे आणि पुडिंग आगरने घट्ट करायची. जावा बेटावर राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून ती ते शिकली होती. तिने ते सुचवलं. आगर ३५-४० अंशांना गोठतं आणि पुन्हा वितळायला ८५ च्या आसपास तापवावं लागतं. म्हणून तर मे महिन्यातही आपल्या वड्या फ्रिजशिवाय, ओट्यावर पंख्याखाली धरतात. कॉखने १८८२ च्या क्षयावरच्या निबंधात आगरचा ओझरता उल्लेख केला, फॅनीचा नाही.

आता नावाचं भांडण. ना हे गवत, ना मूळचं चीनचं. हा लाल समुद्री शेवाळाचा अर्क, आणि तो गोठवून-वाळवून पट्ट्या करायची रीत जपानची. इंग्रजीत ‘चायना ग्रास’ म्हणजे रॅमी, कापडाच्या धाग्याचं झाड. मग ते नाव आपल्या पुडीवर कसं चिकटलं? माझा अंदाज असा, की चिनी व्यापाऱ्यांच्या हातून आलेल्या वाळक्या पट्ट्या गवतासारख्या दिसल्या आणि गिऱ्हाइकाने बारसं करून टाकलं. दुसरा मोह आहे ‘आगर’ हा शब्द भांडुप-मुलुंडच्या मिठागरांशी जोडायचा. दोन्हीकडे समुद्र, जोडी सुरेख जमते. पण आपलं आगर संस्कृत ‘आकर’वरून आलं आणि ते ‘आगर-आगर’ मलायी. मोह आवरलेला बरा.

जाणकार म्हणतील, ऑर्किड स्वस्त केलं ते १९६० मध्ये जॉर्ज मोरेलने, शेंड्याच्या कणभर तुकड्यापासून हुबेहूब रोपं करून. कबूल. पण असे तुकडेसुद्धा आज सर्रास आगरवरच वाढवतात. श्रेयाची वाटणी माझ्यावर सोपवलीत तर पहिला वाटा फॅनीच्या स्वयंपाकघराला.

बाटलीतली रोपं घरी आणणाऱ्याला या कुळकथेचा रोकडा उपयोग आहे. मुळांना चिकटलेलं आगर कोमट पाण्यात, बोटांनी हलकेच चोळून, पार धुऊन काढा. त्यात साखर असते. मुंबईच्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते आणि कोवळी मुळं काळी पडतात. पुढे रोपं जरा मोठी झाली की भोकांची मातीची कुंडी, त्यात कोळसा आणि विटांचे तुकडे. माती अजिबात नको. मुळं रुपेरी दिसली की पाणी द्यायचं, हिरवी असली की थांबायचं. पावसाळ्यात झड लागली की कुंडी आत घ्यायची. बाटलीत सगळं आयतं मिळालेलं असतं, म्हणून बाहेरचे पहिले काही आठवडे सावली आणि खेळती हवा, दोन्ही सांभाळा.