संत कथबर्ट आणि त्याचे राखणदार

साधुपुरुषाचें चरित्र त्याच्या देहावसानाबरोबर संपतें, असें आपण सामान्यतः धरून चालतों. सातव्या शतकांत नॉर्थंब्रियांत, म्हणजे आजच्या इंग्लंडच्या उत्तर भागांत, होऊन गेलेला कथबर्ट या नियमास अपवाद आहे. तो ६८७ सालीं वारला. त्याचें मरणोत्तर चरित्र मात्र तेराशेंहून अधिक वर्षें चाललें आहे, आणि त्यांत त्याच्या माथीं जें जें मारलें गेलें, त्यांतील एक गोष्ट तरी त्यानें कधींच मान्य केली नसती, असें आम्हांस वाटतें.

हयातींतील कथबर्ट आपणांस मुख्यतः दोन ग्रंथांतून भेटतो. एक लिंडिस्फार्नच्या मठांतील अनाम भिक्षूनें ७०० सालच्या सुमारास लिहिलेला, व दुसरा त्यानंतर सुमारें वीस वर्षांनीं बीड या इतिहासकारानें रचलेला. मेंढरें राखणारा हा तरुण ६५१ सालीं मेलरोजच्या मठांत शिरला, पुढें लिंडिस्फार्नला आला व ६७६ सालीं तेथून जवळच्या फार्न बेटावर एकटाच जाऊन राहिला. तेथें त्यानें आपल्या कुटीभोंवतीं इतकी उंच भिंत घातली कीं, आंतून आकाशाखेरीज कांहीं दिसूं नये. ६८४ सालीं खुद्द राजा एकफ्रिथ होडींतून येऊन विनवूं लागला, तेव्हां मोठ्या नाखुषीनें त्यानें बिशपपद पत्करलें. दोन वर्षेंही पुरतीं न भरतां तो फार्नला परतला. अखेरच्या दुखण्यांत वादळामुळें पांच दिवस कोणीच तेथें जाऊं शकलें नाहीं. हेरफ्रिथ नांवाचा मठाधिपति पोंचला, तेव्हां त्यास दिसलें कीं, उशाशीं पांच कांदे होते, व त्यांतील एकच अर्धामुर्धा कुरतडलेला होता. चमत्कारांनीं भरलेल्या त्या चरित्रांत हा कुरतडलेला कांदा आम्हांस सर्वांत अधिक विश्वासार्ह वाटतो.

आपणांस फार्नवरच पुरावें, अशी त्याची इच्छा होती. लिंडिस्फार्नला पुरलें तर माझ्या थडग्याच्या आश्रयास गुन्हेगार व पळून आलेले लोक येतील आणि त्यांच्यासाठीं सरदारांकडे रदबदली करतां करतां तुम्ही जेरीस याल, असें त्यानें बजाविलें होतें. भिक्षूंनीं ऐकलें नाहीं. अकरा वर्षांनीं, ६९८ सालीं, त्यांनीं थडगें उघडलें. देह जसाच्या तसा निघाल्याचें जाहीर झालें, आणि एकांतप्रिय कथबर्ट गर्दीचा धनी झाला.

पुढें ७९३ सालीं उत्तरेकडील चांच्यांनीं लिंडिस्फार्न लुटलें. ८७५ सालीं भिक्षूंनीं बेट सोडलें तें त्याची शवपेटी खांद्यावर घेऊनच. सात वर्षें भटकून ते चेस्टर-ल-स्ट्रीट येथें स्थिरावले व ९९५ सालीं तेथून डरहॅमला गेले. राजे त्या पेटीपुढें नमत, भूमिदानें देत. मठ, जमिनी व लोक या सर्वांस बांधून ठेवणारें सूत्र म्हणजे ती पेटी होती.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. पेटीची सेवा पिढ्यान् पिढ्या करणाऱ्यांपैकीं पुष्कळजण बायकामुलांचे संसारी होते. नॉर्मन सत्ता आल्यावर, १०८३ सालीं, नव्या बिशपानें त्यांना काढून बेनेडिक्टीन पंथाचे ब्रह्मचारी भिक्षु आणले. पुढें त्यांच्यापैकींच सिमियन यानें मठाचा इतिहास लिहिला, त्यांत कथबर्टास स्त्रीजातीचा विटाळ खपत नसे असें सांगितलें आहे. कोल्डिंगहॅमच्या मठांतील दुराचार पाहून त्यानें स्त्रियांना आपल्या देवळाबाहेर ठेविलें म्हणे! डरहॅमच्या भव्य देवळांत पश्चिमेकडे काळ्या दगडाची रेघ बसविली गेली. तिच्या पलीकडे स्त्रियांनीं पाऊल टाकावयाचें नाहीं.

बीड काय सांगतो? कोल्डिंगहॅमचे दोष तोही आपल्या इतिहासग्रंथांत झांकीत नाहीं. परंतु अशा बंदीचा उल्लेख तो करीत नाहीं. उलट, त्याच मठाची अधिकारिणी एबा हिच्या बोलावण्यावरून कथबर्ट तेथें जाऊन राहिला होता. व्हिटबीची एल्फ्लेड ही राजाची बहीण; तिला भेटावयास तो समुद्रांतून गेला, आणि बिशप झाल्यावरही तिच्या पंगतीस बसला. वर्का नांवाच्या मठाधिकारिणीनें दिलेलें वस्त्र त्यानें हयातींत अंगास लावलें नाहीं. तें आपल्या कफनासाठीं राखून ठेविलें. ज्या देहास स्त्रियांची सावली नको म्हणून रेघ ओढली, तो देह स्त्रीनें दिलेल्या वस्त्रांतच मातीआड झाला होता! नव्या मठवासीयांना जुन्या संसारी सेवकांची हकालपट्टी धर्म्य ठरवावयाची होती, आणि ती आज्ञा खुद्द संताचीच, असें दाखविण्याइतका सोयीचा दुसरा मार्ग नव्हता. विद्वान् मंडळींचाही कल आज याच मताकडे आहे.

११०४ सालीं नव्या देवळांत नेण्यापूर्वीं पेटी उघडली, तेव्हां आंत योहानाच्या शुभवर्तमानाची लहानशी पोथी निघाली. मूळ बांधणीसह अखंड राहिलेलें युरोपांतील सर्वांत जुनें पुस्तक तें हेंच. २०१२ सालीं ब्रिटिश लायब्ररीनें तें नव्वद लक्ष पौंडांस घेतलें. आठव्या हेन्रीच्या अमदानींत समाधीवरचें ऐश्वर्य लुटलें गेलें. १८२७ सालीं कबर पुन्हां उघडली, तेव्हां हाडांचा सांपळा, वस्त्रांचे तुकडे व छातीशीं सोन्याचा क्रूस सांपडला.

काळी रेघ फरशींत अजून आहे, आणि स्त्रिया ती ओलांडून रोज पुढें जातात. देवळाच्या दुसऱ्या टोंकास एक साधी शिळा आहे. तीवर लॅटिनमध्यें त्याचें नांव कोरलें आहे, बाकी कांहीं नाहीं.